चाराण्याचं मोल किती?

मागच्या अंकात गेंड्याच्या चाराण्यावर, म्हणजे गेंड्याचं चित्र असलेल्या पंचवीस पैशांवर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य : आमच्याकडं पण आहेत, किती येतील? सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जागा नाही, म्हणून सहा पत्रं निवडलीत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी सराफ नाही आणि नाण्यांचा व्यापारीही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौतीस वर्षं टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्रेसमध्ये धातूवर दाबायचे ठसे, बनवल्या. त्यामुळं नाणं हातात आलं की मला आधी प्रेसचं काम दिसतं, पैसा नंतर.

प्रश्न : वडिलांचं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर माळा आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. पाच, दहा, वीस, पंचवीस पैशांची नाणी, सगळी मिळून साडेतीन किलो. २०११ साली ही बंद झाली म्हणजे आता दुर्मीळ झाली असणार. एकरकमी विकली तर काय यावं? भाऊ म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमच आहे, भंगारात घाल. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दादा, कडू गोळी आधी देतो. किलोवर घेणारा माणूस तुमच्याशी हजारांत बोलेल, लाखांत नाही. आणि भंगाराचं डोक्यातून काढून टाका. २०११ च्या नाणे कायद्यात चलनातली नाणी वितळवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बंद झालेल्यांना तो किती लागू पडतो याची मला खात्री नाही, पण त्या वाटेला जाऊ नका. भावालाही हे वाचून दाखवा.

बंद झालं म्हणजे दुर्मीळ झालं, हे गणित जवळपास प्रत्येक पत्रात आहे आणि ते प्रत्येक ठिकाणी चुकलंय. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, हे खरं. त्याआधी बँकेत बदलून घ्यायची सोयही होती. पण चार-चार आण्यांसाठी रांगेत कोण उभं राहणार? तुमच्या वडिलांनी केलं तेच घरोघरी झालं. कुणी डब्यात ठेवली, कुणी देव्हाऱ्यात, कुणी पोराला खेळायला दिली. पाडली किती याच्यापेक्षा टिकली किती हे बघायचं, आणि ही तर पोत्यानं टिकलीत. वयाचंही तेच. १९५७ चा तांबूस नया पैसा, दशमान पद्धतीच्या पहिल्या वर्षाचा, तुमच्या डब्यातल्या सगळ्यांचा आजोबा शोभेल. वापरलेला असेल तर चहा-भज्यांच्या पैशात मिळतो.

मग किंमत कशाला येते? ते नाणं हवं असलेली माणसं किती आणि त्यांना हवं त्या अवस्थेत ते शिल्लक किती, एवढ्यावर. 'त्या अवस्थेत' हे शब्द माझ्या मते सगळ्यांत जड आहेत. छोट्या नाण्यांत तर तेच सगळं ठरवतात, कारण छोटी नाणी कुणी जपलीच नाहीत. रुपया जपला, चांदीचं जपलं. दहा पैसे गल्ल्यात फेकले. अ‍ॅल्युमिनियम मऊ. दहा पैशांच्या त्या लाटेसारख्या कडा एकमेकांवर आपटून बोथट होतात आणि वर्षभरात नाणं राखाडी पडतं. तुमचा डबा किराणा दुकानातला, म्हणजे त्यातलं एकेक नाणं गावभर हिंडून आलंय.

तरी डबा ओतायच्या आधी एक काम करा. सकाळी खिडकीशी वर्तमानपत्र पसरा आणि नाणी सालानुसार लावत बसू नका, चमकेनुसार लावा. नाणं बोटांनी फक्त कडेला धरा आणि हळू कलवा. कधीच न वापरलेल्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. डाय दाबते तेव्हा चकतीचा धातू मधून कडेकडं सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेघा उठतात. ती पट्टी म्हणजे त्या रेघांवरचा उजेड. अंगठ्यानं दोनदा चोळलं तरी त्या मोडायला लागतात, आणि एकदा गेल्या की कुठल्याच पावडरीनं परत येत नाहीत. भांडं घासल्यासारखी चमक वेगळी, ती फिरत नाही, नुसती झळकते. फिरणारी चमक असलेली दहा नाणी निघाली तरी ती बाकीच्या डब्याला भारी पडतील. डब्याच्या तळाशी बँकेच्या कागदात गुंडाळलेली, न फोडलेली पुडी सापडली तर ती फोडायच्या आधी मला पत्र टाका.

दुसरी चाळण चित्रांची. सत्तरच्या दशकात दहा पैशांवर दरवर्षी अन्नधान्याचे, बचतीचे, निवाऱ्याचे संदेश छापायचे, १९७९ ला आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. ही नाणी बक्कळ निघाली, पण साधी म्हणूनच खर्चली गेली. माझ्याकडं १९७४ चं, कुटुंबनियोजनाचं दहा पैशांचं नाणं आहे. महाद्वार रोडला फुलं विकणाऱ्या एका मावशींनी ते काडेपेटीत कापसावर ठेवलं होतं. लेक लहान असताना 'चकाकतंय' म्हणून हट्टानं मागून घेतलेलं, आणि मग तशीच पेटी राहिली. मी पन्नास रुपये देऊ केले तर म्हणाल्या, "येडा हाईस का, धा पैशाला?" बाजारात त्याचे मला त्याहून फार जास्त येणार नाहीत. पण तसं दुसरं मी अजून बघितलेलं नाही.

तीन पैशांची षटकोनी नाणीही बघून ठेवा, १९६४ पासूनची. फार पैसे नाहीत, पण पोरांना दाखवायला गंमत.

प्रश्न : आईच्या देव्हाऱ्यात वीस पैशांचं पिवळं नाणं आहे, त्यावर कमळ. शेजारच्या काकू म्हणतात त्यात सोनं आहे. दुसऱ्या पिवळ्या नाण्यावर गांधीजी आणि १८६९-१९४८. म्हणजे ते दीडशे वर्षांपूर्वीचं की स्वातंत्र्यानंतर लगेचचं? — एक वाचक भगिनी, हुपरी

उत्तर : ताई, तुम्ही हुपरीच्या, चांदीच्या गावच्या. गल्लीतल्या कुणाकडंही कसोटी लावून घेतली असती तर काकूंचं बोलणं दोन मिनिटांत मिटलं असतं. कमळाचं नाणं निकेल-पितळेचं, १९६८ ते १९७१ या वर्षांतलं. गांधीजींचं अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझचं. सोन्याचा कण नाही.

गांधीजींच्या नाण्यावरचे आकडे त्यांच्या जन्माचे आणि मृत्यूचे. नाणं १९६९ चं, जन्मशताब्दीचं. पाडल्याचं साल त्यावर लिहिलेलंच नाही. नेहरूंच्या आठाण्यावर आणि रुपयावरही असेच १८८९-१९६४ आहेत. माझ्याकडं एक गृहस्थ ते नेहरूंचं नाणं 'राणीच्या काळातलं' म्हणून घेऊन आले होते. राणीनं नेहरूंचं नाणं कशाला पाडावं, हे विचारल्यावर चहा न घेताच गेले. एक मात्र खरं, त्या नेहरूंच्या आठाण्याचे दोन प्रकार आहेत, एकावर नाव हिंदीत, एकावर इंग्रजीत. संग्राहकाला दोन्ही हवी असतात.

कमळाच्या नाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते दुर्मीळ नाही, तरी त्याला कायम गिऱ्हाईक आहे, कारण लक्ष्मीपूजनाला १०८ कमळाची नाणी लागतात असं लोकांनी धरलंय. म्हणजे विकत घेणारा संग्राहक नाही, भाविक आहे. त्याला चमक, टांकसाळ, साल कशाशीच देणंघेणं नाही, कमळ दिसलं की झालं. दिवाळीच्या तोंडावर भाव चढतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत उतरतो. तुमच्या नाण्यावर हळदकुंकवाची पुटं चढली असणार. संग्राहकाच्या लेखी ते खराबच. आईच्या देव्हाऱ्यात आहे तिथं छान आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. केएमटी बसच्या कंडक्टरकाकांनी दिलेल्या सुट्ट्यात एका रुपयावर सालाखाली चांदणी आहे, एकावर ठिपका आणि एकावर काहीच नाही. काहीच नाही ते चुकीचं नाणं म्हणून महाग असतं का? — एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : बाळा, शाबास. माझ्याकडं येणाऱ्या पन्नाशीच्या लोकांनीही सालाखाली कधी बघितलेलं नसतं.

काहीच नसणं ही चूक नाही, ती कोलकात्याची खूण. ठिपका नोएडाचा, चांदणी हैदराबादची, पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची. हैदराबादनं आधी मधून दुभंगलेली चौकटही वापरली आहे. नोएडाची टांकसाळ सगळ्यांत धाकटी, १९८८ ला सुरू झाली. ठिपका बघताना भिंग घे. डायचा बारीकसा टवका उडाला तरी नाण्यावर ठिपक्यासारखा फोड उठतो, आणि पोरं त्याला नोएडा म्हणतात.

आता पैशांकडं. संग्राहक अल्बममध्ये प्रत्येक सालाच्या प्रत्येक टांकसाळीसाठी एक खाना ठेवतो. एखाद्या साली एका टांकसाळीनं ते नाणं धो-धो पाडलेलं असतं आणि दुसरीनं जेमतेम. तोच रुपया, तेच साल, तोच धातू, पण एका चांदणीपायी किंवा ठिपक्यापायी एकाला कुणी विचारत नाही आणि दुसऱ्यासाठी माणसं मुंबई-पुण्याची प्रदर्शनं पालथी घालतात. रिकामा खाना माणसाला झोपू देत नाही, माझा स्वतःचा अनुभव आहे.

चिल्लर कमी पडली तेव्हा सरकारनं परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. नव्वदचं दशक संपता संपता स्टीलच्या रुपयावर एम आणि वर बारीक शून्य आलं ते मेक्सिकोचं, एमके जोडून आलं ते स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाचं. परदेशी म्हणून ती महाग असतात असं मात्र नाही. एचचा रुपया माझ्याकडंच सात-आठ आहेत, तुला एक देऊन टाकीन.

एक लोहचुंबक घे, दहा-वीस रुपयांचा. १९६२ चा रुपया शुद्ध निकेलचा, तो चिकटतो. पुढचे तांबे-निकेलचे चिकटत नाहीत. नव्वदनंतरचा स्टीलचा पुन्हा चिकटतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा मिळाला तर बघ : नव्वदच्या दशकातला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ साली आलेला ३.७९ चा. म्हणजे २०११ चा रुपया वजनामापानं १९८८ च्या स्टीलच्या आठाण्याएवढा झाला. महागाई मोजायला इतकं सोपं माप मी दुसरं बघितलं नाही.

आठाणे अजून चलनात आहेत बरं का. दहा रुपयांपर्यंतच्या व्यवहारात कायद्यानं चालतात. मंडईत देऊन बघ, भाजीवाली काय म्हणते ते मला कळव.

प्रश्न : फेसबुकवर वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख देणारी जाहिरात आली. फोन केला तर त्यांनी रिझर्व्ह बँकेचं ओळखपत्र पाठवलं आणि नोंदणीसाठी साडेबाराशे मागितले. भरू का? — एक वाचक, शिरोळ

उत्तर : भरू नका. भरले असतील तर आजच १९३० वर फोन करून सायबर पोलिसांकडं तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलंय. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, चलनासाठीच पाडलेलं, अजून सुट्ट्यात येतं. दहा लाख देणारा माणूस साडेबाराशे मागत नाही, वजा करून घेतो.

प्रश्न : माझ्याकडं एक रुपयाचं दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं आहे. दोन्हीकडं सिंह. कंपनीतले मित्र म्हणतात टांकसाळीची चूक, लाखात जाईल. — एक कामगार वाचक, कागल

उत्तर : भावा, तुझं पत्र वाचून माझा मीच हसलो. कारण असंच नाणं मी आठशे रुपयांना विकत घेतलंय.

परगावच्या एका प्रदर्शनात, एका टेबलावर. स्टीलचा रुपया, दोन्हीकडं सिंह. विकणारा गोड बोलणारा, आणि मागं दुसरं गिऱ्हाईक घाई करतंय असं दाखवायला एक माणूस उभा. मी चुंबक लावला, चिकटला. समाधानानं घरी आलो. रात्री काट्यावर ठेवलं तर ४.६१ भरलं. पाव ग्रॅम कुठं गेला? फरशीवर टाकलं तर 'टण्ण' वाजायच्या ऐवजी 'थड' वाजलं. मग भिंग लावलं, आणि काठाच्या आतल्या अंगाला केसाएवढी गोल रेघ दिसली. एक नाणं आतून वाटीसारखं कोरायचं, दुसरं कडेनं आणि मागून उतरवून त्या वाटीत दाबून बसवायचं. लेथचं, म्हणजे धातू फिरवत कोरणाऱ्या यंत्राचं काम, आणि काम खरं सांगायचं तर सुबक होतं. चौतीस वर्षं लेथच्या आवाजात काढलेल्या माणसाला लेथवर बनवलेलं नाणं विकलं गेलं! उद्यमनगरात हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आता तुम्हा सगळ्यांना सांगतोय. तू कागलच्या एमआयडीसीत आहेस, व्हर्नियर आणि काटा हाताशी असेल. काठाच्या आत भिंगानं बघ. रेघ सापडेल असं मला वाटतं; खरी दोन छाप्यांची नाणी अतिशय विरळा.

खऱ्या चुका असतात आणि त्यांना पैसेही येतात. चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिला भोवतीनं धरणाऱ्या कड्यात, नीट बसली नाही की छाप एका बाजूला सरकतो आणि नाण्याचा काही भाग कोरा राहतो. थोडासा सरकलेला असेल तर कुणी हिंग लावून विचारत नाही. निम्मा सरकलेला आणि तरीही साल वाचता येणारा असेल तर किंमत चढते, कारण साल दिसलं नाही तर त्याला कुठल्या खान्यात ठेवायचं? दुसरी चूक लाखी. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते, आणि एका बाजूला तीच प्रतिमा उलटी, खोलगट उमटते, आरशातल्यासारखी. नावात लाख असले तरी छोट्या नाण्याच्या लाखीला लाख येत नाहीत.

मला स्वतःला आवडते ती फिरलेली डाय. आपल्या नाण्यांत साधारणपणे दोन्ही बाजू एकाच दिशेनं सरळ असतात : नाणं वर-खाली धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की मागची बाजूही सरळ दिसते. डायचा स्क्रू ढिला झाला की ती हळूहळू फिरते. माझ्या गेंड्याच्या चाराण्यात गेंडा पाय वर करून पडलाय, सरळ १८० अंशांत. दहा-पंधरा अंश फिरलेली शेकडोंनी सापडतात, ती खर्च करा. पण त्या गेंड्याकडं बघितलं की मला प्रेसवरचा तो माणूस दिसतो, ज्यानं त्या दिवशी पाना फिरवायचा कंटाळा केला. आमच्या शॉपमध्ये त्याला शिव्या बसल्या असत्या.

प्रश्न : नाणी चिंचेनं घासावीत की लिंबानं? — एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : कशानंच नाही. चिंच तांब्याच्या घागरीला. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या, चोळू नका. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतही ठेवू नका. दोन पावसाळ्यांत त्याला घाम फुटतो आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी मिळतात, त्या बऱ्या.

शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याबद्दल या खेपेला तीन पत्रं आली आहेत, त्यांचं उत्तर पुढच्या अंकात. आणि कृपा करून पाकिटात नाणी घालून पाठवू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवा, आणि उजेड तिरपा येऊ द्या.